आपलें उघडावें, भावाचें झांकावें

शास्त्रपाठ : योहान १८:१–२७, उत्पत्ति ९:२०–२३, मत्तय १८:१५–१७



नागपुरांतील इतवारी आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. घरांत लग्न निघालें म्हणजे लुगड्यांकरितां, भांड्यांकरितां, सोन्याच्या दोन मण्यांकरितां खेड्यापाड्यांतले लोक पिढ्यानपिढ्या इतवारीची वाट धरीत आले आहेत. या शहरांत बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी अशा वारांच्या नांवांच्या वस्त्या आहेत. त्यांतलीच ही एक. इतवार म्हणजे आदित्यवार, आणि आदित्य म्हणजे सूर्य. लोकांनीं ज्या दिवसाला सूर्याचें नांव दिलें त्याच दिवशीं आपला प्रभु कबरेंतून उठला, म्हणून तो आपण प्रभूचा दिवस मानितों. तेव्हां उजेड आणि अंधार, उघडें आणि झांकलेलें, यांविषयीं बोलावयाचें तर या बाजारापासून आरंभ करणें अयोग्य होणार नाहीं.

आपल्या वडीलधाऱ्यांनीं धान्याकापसाच्या बाजारांतील एक चाल पाहिलेली आहे. शेतकरी गाडी सोडून उभा राही. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा हात धरीत, त्यावर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकीत, आणि त्या कापडाखालीं बोटें दाबून भाव ठरवीत. तोंडानें शब्द निघत नसे. ज्यानें नांगर धरला, ज्याच्या बायकोमुलांनीं निंदण केलें, तो आपल्याच मालाच्या गाडीपाशीं उभा राहून तो रुमाल पाहत असे. आंत काय चाललें आहे तें त्याला कळत नसे. ही चाल या देशांतील पुष्कळ बाजारांत होती. वऱ्हाडांत कापूस व धान्य यांच्या बाजारांकरितां १८९७ सालीं कायदा झाला, आणि पुढें महाराष्ट्र राज्यांत १९६३ च्या बाजार समित्यांच्या कायद्याखालीं मालाची विक्री उघड लिलावानें व्हावी असा नियम आला. रुमाल काढावयास कायदा लागला. आपण होऊन तो फारसा कोणीं काढला नाहीं.

इतवारींत सराफांचीहि ओळ आहे. सचोटीचा सराफ कसा वागतो तें पाहा. त्याचा तराजू सर्वांस दिसेल असा समोर असतो. वजनें कोणींहि हातांत घेऊन पाहावीं. पण एखादी बाई पदराआड डोळे पुसत आपल्या पाटल्या गहाण ठेवावयास आली, तर तो तिचें नांव दुकानांतल्या गर्दींत पुकारीत नाहीं. कोण आली होती म्हणून शेजारच्या गिऱ्हाइकानें विचारलें, तर तो वहींत डोकें घालतो. तो आपला तराजू उघडा ठेवितो आणि दुसऱ्याची लाज झांकितो. रुमालाखालीं हात घालणारा याच्या उलट करितो. आपला व्यवहार तो झांकितो, आणि शेतकऱ्याची नड मात्र चार जणांत बोलून दाखवितो.

आज मला सांगावयाचें आहे तें एवढेंच. ख्रिस्ताची मंडळी असो, पंचांची सभा असो, कीं चार घरांची भिशी असो. जेथें माणसें एकमेकांस भाऊ म्हणतात तेथें उघडें काय असावें आणि झांकलेलें काय असावें याचा एक नियम आहे. जें आपलें तें उघडावें. जें भावाचें तें झांकावें. आपण बहुधा याच्या उलट करितों.

१. प्रभूचें उदाहरण

योहानाच्या अठराव्या अध्यायांत महायाजक प्रभूला दोन गोष्टी विचारतो. एक त्याच्या शिष्यांविषयीं, आणि दुसरी त्याच्या शिक्षणाविषयीं. हा भाग वाचतांना प्रभूनें काय सांगितलें तेवढें आपण पाहतों. काय सांगितलें नाहीं तिकडे आपलें लक्ष जात नाहीं. शिक्षणाविषयीं तो निर्भयपणें उत्तर देतो कीं, आपण सभास्थानांत व मंदिरांत सर्वांसमोर शिकविलें, चोरून कांहीं बोललों नाहीं, ऐकणाऱ्यांसच विचारून पाहावें. परंतु शिष्यांविषयीं काय? एकहि नांव नाहीं. पेत्र कोण, योहान कोण, कोणाचें घर कोठें, बागेंत तरवार कोणीं उपसली, यांतलें एक अक्षर त्याच्या तोंडून निघालें नाहीं. थोड्याच वेळापूर्वीं बागेंत शिपाई आले तेव्हां तो स्वतः पुढें झाला, ज्याला शोधतां तो मीच म्हणून त्यानें सांगितलें, आणि बरोबरच्यांस जाऊं द्या असें म्हटलें. स्वतःविषयीं सर्व उघड. शिष्यांवर मात्र त्यानें पांघरूण घातलें.

त्याच घटकेस बाहेर अंगणांत विस्तवापाशीं काय चाललें होतें? पेत्र स्वतःचें नांव झांकीत होता. आंत गुरु शिष्यांचीं नांवें झांकून चपराक सोशीत होता, आणि बाहेर शिष्य आपलें नांव झांकून शेकत उभा होता. दोघांनींहि झांकलें, परंतु एकाचें झांकणें प्रीतीचें आणि दुसऱ्याचें भीतीचें. लूक सांगतो कीं, कोंबडा आरवल्यावर प्रभूनें वळून पेत्राकडे पाहिलें. पाहिलें मात्र, हांक मारली नाहीं. त्या चाकरांच्या देखत त्याचें नांव उच्चारलें असतें तर पेत्र तेथेंच पकडला जाण्याचें भय होतें. त्या मुक्या दृष्टीनें पेत्र बाहेर जाऊन रडला. आणि पन्नासाव्या दिवसाच्या सणीं याच पेत्रानें त्याच यरुशलेमांत हजारों लोकांपुढें उभें राहून प्रभूचें नांव उघड केलें. ज्याचें नांव प्रीतीनें झांकलें गेलें, त्यालाच पुढें तें उघड करण्याचें धैर्य आलें.

२. मुंबईंतील एका गुप्त सभेची गोष्ट

आतां आपल्या महाराष्ट्रांत घडलेली एक गोष्ट सांगतों. तिचा आपल्या लोकांशीं जवळचा संबंध आहे. सुमारें १८४९ सालीं मुंबईंत कांहीं सुशिक्षित गृहस्थांनीं एक सभा स्थापिली. तिचें नांव परमहंस सभा. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिच्या संस्थापकांपैकीं. १८३६ सालीं ज्यांचें मराठी व्याकरण प्रसिद्ध झालें तेच हे. त्यांच्याबरोबर राम बाळकृष्ण जयकर वगैरे मंडळी होती. ईश्वर एक आहे, सर्व मनुष्यें परस्परांचे भाऊ आहेत, जातिभेद मनुष्यांनीं केलेला आहे, असें त्यांचें मत होतें. नव्या मनुष्याला सभेंत घेतांना, आपण जातिभेद मानणार नाहीं असें त्याच्याकडून वदवून घेत, आणि ख्रिस्ती मनुष्यानें भाजलेल्या पावाचा तुकडा त्याला खावयास देत. त्या काळीं ही लहान गोष्ट नव्हती. तो तुकडा घशाखालीं उतरला म्हणजे मनुष्य जातींतून उतरला.

परंतु हें सर्व चाले तें बंद दारांआड. आपली संख्या वाढून आपणांस बळ येईपर्यंत सनातनी लोकांशीं उघड सामना करूं नये, असा त्यांचा विचार होता. म्हणून रात्रीं जो पाव खाल्ला त्याविषयीं सकाळीं बोलावयाचें नाहीं. रात्रीं ज्याला भाऊ म्हटलें, दिवसा त्याच्यापासून पंक्तींत दूर बसावयाचें.

बंधूंनो, त्यांस हंसूं नका. जातींतून काढणें म्हणजे काय हें आपल्या आजेपणज्यांस विचारा. विहीर बंद, न्हावी बंद, मुलीचें लग्न बंद, आणि मेल्यावर खांदा द्यावयास चार माणसें नाहींत. ती भीति खरी होती. त्यांचे विचारहि पुष्कळ अंशीं खरे होते. परंतु खरा विचार भीतीच्या पोटीं ठेविला तर त्याचें काय होतें तें पुढें दिसलें. सुमारें १८६० सालीं सभासदांच्या नांवांची यादी कोणीं चोरली. नांवें बाहेर फुटलीं. एकच गडबड उडाली, सभासद पांगले, आणि सभा मोडली.

येथें दोन अपराध आहेत, ते वेगळाले पाहा. सभासदांनीं जें आपलें तें झांकलें, हा एक. आणि ज्यानें ती यादी चोरून बाहेर फोडली त्यानें जें दुसऱ्याचें तें उघडें केलें, हा दुसरा. कोणी म्हणेल, त्यानें खोटें तर कांहीं सांगितलें नाहीं, उजेडच पाडला. पण आगीचाहि उजेड पडतो. घर पेटवून दिलें तर आंत कोण आहे तें सर्वांस दिसतें, म्हणून पेटवणाऱ्याला कोणी दिवा लावणारा म्हणत नाहीं.

पुण्यांतहि असेंच एक प्रकरण झालें. १८९० सालीं पंचहौद येथील मिशनांत गांवांतील कित्येक प्रतिष्ठित गृहस्थांस बोलाविलें होतें. न्यायमूर्ति रानडे आणि लोकमान्य टिळक हेहि त्यांत होते. तेथें चहाबिस्किटें पुढें आलीं. मग त्या मंडळींचीं नांवें वर्तमानपत्रांत छापलीं गेलीं, धर्मपीठापर्यंत तक्रार गेली, ग्रामण्य माजलें, आणि कित्येकांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें. एका पेल्यापायीं केवढीं माणसें अडचणींत आलीं! परंतु नांवें छापल्यानें पुण्यांतला जातिभेद तसूभरहि कमी झाला नाहीं. दुसऱ्याचें उघडें करून धर्म वाढत नसतो.

तर मग धर्म कशानें वाढतो? त्याच परमहंस सभेंत बेळगांवचा एक कासार कुळांतला तरुण होता. त्याचें नांव बाबा पदमनजी. पुढें ज्यांनीं ‘यमुनापर्यटन’ लिहिलें तेच हे. ‘अरुणोदय’ या आत्मवृत्तांत आपल्या मनाची उलघाल त्यांनीं स्वतः सांगितली आहे. जातिभेद खोटा हें त्यांस त्या सभेंत पटलें होतें. पण पटलेलें लपवून ठेवणें त्यांस साधलें नाहीं. १८५४ सालीं बेळगांवांत त्यांनीं उघड बाप्तिस्मा घेतला. यादी फुटली तेव्हां सभेंतील पुष्कळांस जें भय वाटलें तें त्यांस वाटण्याचें कारण उरलें नव्हतें. ज्यानें आपलें नांव स्वतः सांगितलें त्याचें नांव कोण चोरणार?

सभेंतल्या इतरांचेंहि चांगलें स्मरण ठेवूं या. ती मोडल्यावर दादोबांचे बंधु डॉक्टर आत्माराम पांडुरंग व त्यांचे स्नेही यांनीं १८६७ सालीं मुंबईंत प्रार्थना समाज स्थापिला, आणि तो उघडपणें चालविला. त्यांचें मत आणि आपलें मत एक नाहीं. पण दार उघडें ठेविल्यावर त्यांचें काम टिकलें, एवढें आपण प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे.

३. आपलें तें उघडावें

आतां आपल्या घराकडे वळूं. आपलें असें काय आहे कीं जें उघडें असावें?

पहिलें, आपलें नांव आणि आपला विश्वास. याच नागपुरांत १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं लाखों लोकांसह उघड्या मैदानावर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आपण जुना धर्म सोडणार हें त्यांनीं १९३५ सालीं येवल्यास भर सभेंत सांगितलें होतें, आणि एकवीस वर्षें तें कोणापासून लपविलें नाहीं. त्यांची वाट आपली नव्हे. पण त्या मैदानावर जे खेडूत उभे राहिले त्यांनीं किंमत मोजली. अनुसूचित जातींच्या केंद्र सरकारच्या यादींत बौद्धांस स्थान मिळावयास १९९० साल उजाडलें. ख्रिस्ती झालेल्यांस तें स्थान १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें नाकारलें, आणि तें अजून मिळालेलें नाहीं.

मी हें कां बोलतों तें तुम्हांस कळलें असेल. आपल्या मंडळ्यांत दोन नांवांचे लोक आहेत. एक नांव मंडळीच्या वहींत, दुसरें सरकारी कागदावर. प्रभुभोजनास येतात, आणि कचेरींत धर्म विचारला म्हणजे खालीं पाहतात. त्यांच्या मुलांची शाळा, नोकरी, जमिनीचा तुकडा यांची गांठ त्या कागदाशीं पडलेली आहे. ज्याच्या घरीं भाकरीचा प्रश्न नाहीं त्यानें त्यांच्यावर दगड उचलूं नये. त्यांचीं नांवें विचारूं नयेत, आणि ठाऊक असलीं तर सांगूंहि नयेत. तो त्यांचा रुमाल आहे, तो आपण ओढावयाचा नाहीं. परंतु ज्यांचा तो आहे त्यांस मी हळूच सांगतों. बंधूंनो, लपविलेल्या नांवाचें ओझें दिवसेंदिवस वाढतें. निकदेम पहिल्यानें रात्रीं आला, आणि प्रभूनें त्याला परत लावलें नाहीं. पण ज्या दिवशीं सर्व शिष्य पळाले होते त्या दिवशीं तोच निकदेम गंधरस घेऊन वधस्तंभापाशीं उघड आला. रात्रीं येण्यांत त्याची सुरुवात झाली. तो रात्रींतच राहिला नाहीं. आणि मंडळीला मी सांगतों कीं, असा मनुष्य उजेडांत यावयास निघाला तर त्याच्या पोराच्या शाळेचा खर्च कोण देणार, हें आधीं ठरवा. त्याला धैर्याचा उपदेश करून आपण घरीं जेवावयास जाणें बरें नव्हे.

या बाबतींत उपदेशकांनीं आणखी एक शास्त्रभाग वाचावा. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत अंत्युखियाची गोष्ट आहे. पेत्र परजातीयांच्या पंक्तीला जेवत होता. यरुशलेमाहून माणसें येतांच तो हळूहळू मागें सरला. पुन्हां तेंच भय, पुन्हां पंक्तीचेंच! या वेळीं पौलानें त्याला सर्वांच्या समक्ष दोष दिला. प्रभूनें अंगणांत नुसतें पाहिलें, आणि पौलानें उघड सांगितलें, असें कां? अंगणांत पेत्र स्वतःस बुडवीत होता. अंत्युखियांत त्याच्या मागोमाग बर्णबासारखा मनुष्यहि उठला, आणि ज्या गरीब बंधूंची पंक्ति मोडली त्यांचा अपमान सर्वांदेखत झाला होता. जो अपराध चौघांत झाला आणि ज्यानें दुर्बळ बंधु दुखावला, त्याचें निवारणहि चौघांतच व्हावें लागतें.

दुसरें, मंडळीचा पैसा. तो आपल्या हातीं आहे तोंवर त्याचा हिशेब आपला आहे, आणि तो उघडाच असला पाहिजे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायांत पौल यरुशलेमांतील गरिबांकरितां वर्गणी पाठवितो. तो प्रेषित होता. त्याच्यावर कोणाचा संशय होता असें नाहीं. तरी त्यानें ती रक्कम एकट्यानें नेली नाहीं. मंडळ्यांनीं निवडलेला बंधु बरोबर घेतला, आणि कारण सांगितलें कीं, देवाच्या दृष्टीनें जसें चोख तसें मनुष्यांच्याहि दृष्टीनें चोख असावें. मग आपल्या खेड्यांतल्या दानपेटीची किल्ली एकाच घरीं वर्षानुवर्षें कां? पेटी दोघांनीं मिळून उघडावी, तिसऱ्यानें मोजावें, आणि महिन्याच्या पहिल्या आदित्यवारीं जमाखर्च मोठ्यानें वाचावा. हिशेब मागणाऱ्याला कित्येक पंच अविश्वासू म्हणतात. हिशेब मागणें हा अपमान नव्हे. तो न देणें हा मंडळीचा अपमान आहे. हनन्या आणि सप्पीरा यांनीं पैसा ठेवून घेतला हा त्यांचा दोष नव्हता, तो त्यांचाच होता असें पेत्र स्पष्ट म्हणतो. ठेवून घेऊन सर्व दिल्याचा देखावा केला, हा दोष.

कोणी विचारील कीं, प्रभूनें तर प्रार्थना आणि दानधर्म गुप्तपणें करावयास सांगितलें, मग आपलें सर्व उघडें कसें? उत्तर सोपें आहे. आपला विश्वास, आपला व्यवहार आणि आपला दोष हें आपलें, तें उघडावें. आपल्या हातून झालेलें चांगलें हें आपलें नव्हे, तें देवाचें. त्याची दवंडी आपण पिटूं नये.

४. भावाचें तें झांकावें

येथें मला माझीच एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगण्याची परवानगी मीं ज्याच्यापाशीं घ्यावयाची त्याच्यापाशीं घेतली आहे, म्हणून सांगतों. नांवगांव सांगणार नाहीं.

मी तरुणपणीं एका खेड्यांत उपदेशक होतों. एके रात्रीं मंडळींतला एक बंधु कंदील घेऊन माझ्या दाराशीं आला. त्याचें लेकरूं तापानें आठ दिवस पडलें होतें. घाबरून तो जुन्या देवीपाशीं कोंबडें घेऊन गेला होता, आणि आतां त्याचें मन त्याला खात होतें. रडत रडत त्यानें सर्व सांगितलें. आम्हीं दोघांनीं गुडघे टेकून प्रार्थना केली. जातांना तो म्हणाला, “मास्तर, हें तुमच्या-माझ्यांतच राहूं द्या.” मीं होय म्हटलें.

बुधवारच्या प्रार्थनासभेंत मीं काय केलें? मीं म्हटलें, “आपल्यांतला एक बंधु लेकराच्या दुखण्यानें भिऊन जुन्या मार्गाकडे वळला होता, त्याच्याकरितां प्रार्थना करूं या.” नांव घेतलें नाहीं, आणि मला वाटलें, मीं वचन पाळलें. खरें सांगावयाचें तर, लोक आपलें मन माझ्यापाशीं मोकळें करितात हें चौघांस कळावें अशी माझी सूक्ष्म इच्छा होती. ती मीं प्रार्थनेच्या पदराखालीं झांकली. येत्या रविवारीं तो आला नाहीं. पुढल्याहि नाहीं. त्याची बायको मुलांस घेऊन एकटी येई आणि उपासना संपतांच निघून जाई.

वर्षभरानें मी त्याच्या घरीं क्षमा मागावयास गेलों. त्यानें घोंगडी टाकली, पाणी दिलें, आणि शांतपणें म्हणाला, “मास्तर, तुम्हीं नांव घेतलें नाहीं, खरें. पण गांवांत आजारी लेकरूं एकच होतें.”

त्या वाक्यावर मला उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. त्यानंतरच्या रविवारीं मीं मंडळीपुढें उभें राहून सांगितलें कीं, एकानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट मीं प्रार्थनेच्या नांवाखालीं फोडली, आणि हा माझा अपराध आहे. तो त्या दिवशीं देवळांत नव्हता. नाताळास आला, दाराशीं बसला. पुढें हळूहळू आंत आला. परंतु इतर कित्येक आपलें दुःख घेऊन माझ्या दाराशीं कधींच आले नाहींत, आणि ते कोण हें मला कधीं कळणार नाहीं.

उपदेशक बंधूंनो, आपल्या हातीं लोकांची लाज गहाण असते. तिचा बाजार मांडूं नका. मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत प्रभूनें पायऱ्या घालून दिल्या आहेत. भावानें तुझा अपराध केला तर पहिल्यानें त्याला एकटा गांठून बोल, ऐकलें नाहीं तर एकदोघांस बरोबर ने, त्यानंतर मंडळी. आपण शेवटच्या पायरीवरून आरंभ करितों. आधीं सर्व गांवाला ठाऊक, मग पंचांस, मग पाळकांस पत्र, आणि ज्याचा दोष त्याला सर्वांच्या शेवटीं कळतें कीं आपल्याविषयीं बोलणें चाललें आहे.

उत्पत्तीच्या नवव्या अध्यायांत नोहा मद्य पिऊन डेऱ्यांत उघडा पडला. हामानें पाहिलें आणि बाहेर जाऊन सांगितलें. शेम आणि याफेथ यांनीं खांद्यांवर वस्त्र घेतलें, पाठमोरे चालत आंत गेले, आणि बापाला झांकलें. त्यांनीं पाहिलेंहि नाहीं. हाम खोटें बोलला असें शास्त्र सांगत नाहीं. त्यानें खरेंच सांगितलें, आणि शापाची गोष्ट तेथूनच सुरू झाली.

५. दोन वस्त्रें

एक सावधगिरी सांगून संपवितों. झांकणें म्हणजे अन्याय दडपणें असा अर्थ कोणी करील तर तो माझ्या बोलण्याचा विपर्यास होईल. मंडळींत एखादी विधवा लुबाडली जात असेल, एखाद्या लेकरावर कोणी हात टाकीत असेल, एखादी बाई घरांत मार खात असेल, आणि आपण मंडळीची अब्रू जाईल म्हणून गप्प बसलों, तर तें शेमयाफेथांचें वस्त्र नव्हे. तो बाजारांतला रुमाल आहे. शेमयाफेथांच्या वस्त्राखालीं बलहीन पडलेला मनुष्य होता. बाजारांतल्या रुमालाखालीं बळकटांचे हात होते, आणि बलहीन बाहेर उभा होता. कोणत्याहि गोष्टीवर कापड टाकण्यापूर्वीं एवढें पाहा कीं, त्याच्या आंत कोण आहे आणि बाहेर कोण आहे. आंत लाजलेला भाऊ असेल तर झांका. आंत आपलाच हात असेल आणि बाहेर गरीब उभा असेल, तर तें कापड आजच काढा. जरूर पडल्यास सरकारच्याहि दारीं जा.

पुढल्या वेळीं इतवारींत गेलां म्हणजे सराफाच्या तराजूकडे क्षणभर पाहा, आणि स्वतःस दोन प्रश्न विचारा. माझें असें काय आहे कीं जें मीं झांकून ठेविलें आहे? आणि भावाचें असें काय आहे कीं जें मीं उघडें पाडलें आहे? पहिल्याचें उत्तर सांपडलें तर तें देवापुढें आणि ज्याचा हक्क आहे त्याच्यापुढें ठेवा. दुसऱ्याचें सांपडलें तर त्या भावाच्या घरीं जा. रात्रीं कंदील घेऊन गेलां तरी चालेल.

प्रार्थना : हे प्रभो, तूं आपलें सर्व उघड बोललास आणि आमचीं नांवें शत्रूंपुढें झांकलींस. आमच्या हातांवरचा रुमाल काढ, आणि भावाची लाज झांकावयास आमच्या खांद्यांवर वस्त्र दे. जे रात्रीं तुझ्याकडे येतात त्यांस परत लावूं नको, आणि त्यांस दिवसा उभें राहावयास जागा देण्याचें बळ आमच्या मंडळ्यांस दे. आमेन.

— एक उपदेशक, इतवारी, नागपूर